एटीझेडला ओके येतं पण डायल होत नाही: लॅपटॉपचा मोडेम कमांड टाकून कसा लावायचा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, मला काही चुकीचं कळलं असेल तर इथेच लक्षात येईल. तासगावजवळ बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथे तापमान नोंदवणारा जुना डेटा लॉगर आहे आणि त्याला बाहेरचा डायल-अप मोडेम जोडलेला आहे. सांगलीच्या ऑफिसात बसून तुम्हाला त्याला फोन लावायचाय आणि नोंदी उतरवून घ्यायच्यात. त्यासाठी जुना थिंकपॅड टी४२ काढलाय, त्यावर डेबियन लिनक्स टाकलंय, मिनिकॉम हा मोडेमशी टाइप करून बोलायचा प्रोग्रॅम उघडून एटीझेड ही रीसेटची कमांड टाकली की ओके येतं, पण डायल केलं की कधी नो डायलटोन येतं तर कधी नो कॅरिअर, म्हणजे पलीकडच्या मोडेमचा सूर मिळाला नाही. ऑफिसची लाईन ईपीएबीएक्समधून, म्हणजे ऑफिसच्या आतल्या छोट्या एक्स्चेंजमधून येते आणि बाहेरची लाईन गेल्या वर्षी तांब्यावरून फायबरवर गेली. नेटवरून तीन-चार लांबलचक इनिट स्ट्रिंग, म्हणजे सुरुवातीला मोडेमला पाठवायच्या कमांडच्या ओळी, टाकून बघितल्या, फरक नाही. आणि तुमचा प्रश्न असा की नक्की कुठली इनिट स्ट्रिंग टाकू.

माझं स्पष्ट मत सांगतो, इनिट स्ट्रिंग शोधणं थांबवा. मी बरीच वर्षं ईपीएबीएक्स आणि टेलिमेट्रीची, म्हणजे लांबून नोंदी घेण्याची, कामं करतोय, पाणी योजना, कारखाने, कोल्ड स्टोरेज, सगळीकडे हेच बघितलंय की माणूस कुणाची तरी चाळीस अक्षरांची ओळ चिकटवतो, ती दुसऱ्याच चिपसाठी लिहिलेली असते, आणि मग त्यातलं काय चाललं, काय नाही, हे कुणालाच कळत नाही. मोडेमच्या कामात तीन वेगवेगळी बोलणी चालू असतात. पहिलं लॅपटॉप आणि त्याच्या मोडेमचं, दुसरं मोडेम आणि टेलिफोन लाईनचं, तिसरं तुमचा मोडेम आणि पलीकडच्या मोडेमचं. तुमचं एटीझेडला ओके येतंय म्हणजे पहिलं चालू आहे. नो डायलटोन हा दुसऱ्यातला घोटाळा. नो कॅरिअर हा दुसऱ्यातलाही असू शकतो आणि तिसऱ्यातलाही, म्हणून त्या मेसेजवर एकट्यावर काही ठरवू नका. एकेक बोलणं सुटं करून तपासलं तर बहुतेक वेळा एका दुपारीत उलगडा होतो.

कमांड मी खाली उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं आणि साधे इंग्रजी आकडे. एटी ही दोन अक्षरं एकतर दोन्ही कॅपिटल किंवा दोन्ही स्मॉल, एक मोठं एक छोटं टाकलं तर बरेच मोडेम दुर्लक्ष करतात.

आता पहिलं बोलणं. ओके येतंय तरी इथे दोन गोष्टी बघून घ्या. पहिली, टी४२ मधला मोडेम हा पूर्ण मोडेम नाही. एलएसपीसीआय ही हार्डवेअरची यादी दाखवणारी लिनक्सची कमांड चालवलीत तर इंटेलचा एसी ९७ मोडेम कंट्रोलर असं काहीतरी दिसेल. म्हणजे लाईनला जोडणारा भाग तेवढा कार्डावर, बाकी सगळं गणित लॅपटॉपचा प्रोसेसर करतो, ज्याला लोक विनमोडेम किंवा सॉफ्टमोडेम म्हणायचे. तुमच्याकडे ओके येतंय त्याअर्थी स्मार्टलिंकचा एसएलमोडेमडी हा ड्रायव्हर प्रोग्रॅम चालू असणार आणि तुम्ही टीटीवाय एसएल झीरो या पोर्टवर बोलताय. तसं असेल तर ठीक, पण लक्षात ठेवा, ओके हे उत्तर त्या प्रोग्रॅमनं दिलंय, त्यामुळे लाईनच्या बाजूचं सर्किट जिवंत आहे हे त्यातून सिद्ध होत नाही. पावसाळ्यात विजेनं मेलेल्या मोडेमचा ड्रायव्हरसुद्धा आरामात ओके देतो.

दुसरी गोष्ट मिनिकॉमची, आणि मला वाटतं तुमचा निम्मा त्रास इथेच आहे. मिनिकॉम सुरू होताना स्वतःची एक इनिट स्ट्रिंग मोडेमला पाठवतो आणि त्याच्या मूळ सेटिंगमध्ये त्या स्ट्रिंगमध्ये एक्स४ असतं, एस७=४५ पण असतं, एक्स आणि एस७ चे अर्थ पुढे सांगतो. म्हणजे तुम्ही काल एक्स३ करून समाधानानं बंद केलंत तरी आज मिनिकॉम उघडला की परत एक्स४. म्हणून मिनिकॉम सुरू करताना पुढे वजा ओ हा पर्याय द्या, मग तो इनिट पाठवत नाही आणि जे काय होईल ते तुमच्या हातानं होईल. सेटिंगमध्ये पोर्ट, ११५२०० चा वेग, ८ बिट, पॅरिटी (चूक पकडायचा जादा बिट) नाही, १ स्टॉप बिट आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल, एवढं ठेवा.

मग एटी&एफ टाका. एटीझेड नको. झेड म्हणजे आधी कुणीतरी सेव्ह करून ठेवलेलं प्रोफाइल परत आणणं, आणि जुन्या मोडेमवर कुणी काय सेव्ह केलंय देवाला माहीत. &एफ म्हणजे कारखान्यातली मूळ सेटिंग, तिथून सुरुवात केली की निदान जमीन पक्की मिळते. टाइप केलेलं दिसत नसेल तर एटीई१, उत्तरच येत नसेल तर आंधळेपणानं एटीक्यू०, उत्तर शब्दांऐवजी नुसत्या आकड्यात येत असेल तर एटीव्ही१. एटीआय३ टाकलं की बऱ्याच मोडेममध्ये चिपचं किंवा ड्रायव्हरचं नाव येतं, ते एका कागदावर लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं. एटी&व्ही नं चालू असलेली सगळी सेटिंग दिसतात.

हे नाव लिहून ठेवायला का सांगतोय, तर एटी कमांडचा जन्म हेज कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेममध्ये झाला आणि नंतर सगळ्यांनी ती पद्धत उचलली, पण उचलताना फक्त साधी अक्षरं सारखी राहिली, म्हणजे डी, एच, ई, एक्स, एम, एल, एस रजिस्टर (सेटिंगचे आकडे ठेवायचे कप्पे) वगैरे. & किंवा बॅकस्लॅश किंवा टक्क्याचं चिन्ह लागलं की प्रत्येक चिपवाल्याचा अर्थ बदलू शकतो. प्लसवाल्या कमांड नंतर आंतरराष्ट्रीय मानकातून आल्या, त्या बऱ्यापैकी सारख्या असतात, पण सगळ्या मोडेममध्ये असतीलच असं नाही. नेटवरच्या स्ट्रिंग चालत नाहीत त्याचं कारण हेच, आणि एका ओळीत दहा कमांड असतील आणि त्यातली एक मोडेमला कळली नाही तर एरर येतो, मग तिच्या आधीच्या लागू झाल्या की नाही तेही सांगता येत नाही. एका वेळी एकच कमांड टाका, ओके आलं की पुढची.

आता दुसरं बोलणं, लाईनचं. इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण तुमच्या केसमध्ये ईपीएबीएक्स आणि फायबर दोन्ही आहे.

सगळ्यात आधी एक धोक्याची सूचना. तुमच्या ईपीएबीएक्सचं एक्स्टेन्शन ॲनालॉग आहे का डिजिटल ते बघा. बटणं आणि डिस्प्लेवाला कंपनीचाच खास फोन जिथे लागतो ते डिजिटल पोर्ट असतं, त्यात मोडेम कधीही खुपसू नका, करंट जास्त येऊन मोडेम जळू शकतो. साधा पंचवीस वर्षांपूर्वीचा फोन जिथे लावला की टोन येतो आणि नंबर लागतो ते ॲनालॉग. लॅपटॉपच्या दोन भोकांपैकी अरुंद ते फोनचं आणि रुंद ते नेटवर्कचं, हे तुम्हाला माहीतच असेल पण ऑफिसातला दुसरा माणूस घाईत चुकतो म्हणून लिहितोय.

नो डायलटोन का येतं? रिसीव्हर उचलला तर तुम्हाला टोन ऐकू येतो आणि मोडेम म्हणतो टोन नाही, हे बघून माणूस वैतागतो. पण तुमचं आणि मोडेमचं, दोघांचंही खरं आहे अशी परिस्थिती असते. अमेरिकेत डायल टोन म्हणजे ३५० आणि ४४० हर्ट्झचे दोन सूर एकत्र. आपल्याकडे भारतात ४०० हर्ट्झचा सूर २५ हर्ट्झनं थरथरवलेला, म्हणून आपला टोन थोडा घरघरता वाटतो. अमेरिकन सेटिंगवर असलेला मोडेम त्याचे दोन सूर शोधत बसतो, सापडत नाहीत, तो लाईन सोडून देतो. त्यात ईपीएबीएक्सचा आतला टोन आणखी तिसराच असू शकतो, आणि एक्स्टेन्शनवर कुणी व्हॉइसमेल सोडला असेल किंवा कॉल फॉरवर्ड लावलेला असेल तर तो टोन तुटक येतो, तोही मोडेमला पटत नाही.

यावर दोन उपाय. एक म्हणजे मोडेमला देश सांगणं. एटी+जीसीआय=५३, हा भारताचा कोड, ५३ हा हेक्समधला आकडा आहे. आधी एटी+जीसीआय? टाकून सध्या काय आहे ते बघा, बी५ आलं तर अमेरिका. एसएलमोडेमडी असेल तर देश प्रोग्रॅम सुरू करतानाच देता येतो, त्याच्याकडे देशांची यादी दाखवणारा पर्याय आहे, तो चालवून बघा. दुसरा उपाय म्हणजे एटीएक्स३. एक्स४ म्हणजे डायल टोनची वाट बघ आणि एंगेज टोनही ओळख, एक्स३ म्हणजे टोनची वाट बघू नकोस, थेट डायल कर, पण एंगेज असेल तर सांग. ईपीएबीएक्समागे मी नेहमी एक्स३ च ठेवतो, देशाचा कोड बरोबर असला तरी. टोन न ऐकता डायल करायचं म्हणजे लाईन उचलल्यावर थोडं थांबायला हवं, ते थांबणं एस६ मध्ये असतं, सहसा २ सेकंद. तुमचं ईपीएबीएक्स जुनं आणि आळशी असेल तर एटीएस६=४ करा.

नंबर लिहिण्याची पद्धत पण इथेच येते. बाहेरची लाईन घ्यायला शून्य लागत असेल तर एटीडीटी०,, आणि मग नंबर, डीटी म्हणजे टोननं डायल कर. स्वल्पविराम म्हणजे थांबा, एक स्वल्पविराम साधारण २ सेकंदांचा, हा वेळ एस८ मध्ये असतो. दुसऱ्या टोनची वाट बघायला डब्ल्यू हे अक्षर वापरता येतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं, पण टोन ओळखण्याचाच जिथे प्रश्न आहे तिथे डब्ल्यू टाकून परत त्याच खड्ड्यात कशाला जायचं, स्वल्पविराम वाढवा. ईपीएबीएक्स एखादा आकडा गाळतंय असा संशय आला तर एटीएस११=१२० करा, त्यानं प्रत्येक आकड्याचा टोन थोडा लांबतो, मूळ सेटिंग बहुतेक ९५ मिलिसेकंदाच्या आसपास असते.

तपासायला पहिला फोन लॉगरला लावूच नका, स्वतःच्या मोबाइलला लावा. जानेवारी २०२१ पासून लँडलाईनवरून मोबाइलला लावताना आधी शून्य लागतं, म्हणजे तुमच्याकडे एक शून्य ईपीएबीएक्सचं आणि एक मोबाइलचं: एटीडीटी०,,० आणि मग दहा आकडे. हा दुसरा शून्य विसरल्यामुळे ‘मोडेम बिघडलाय’ म्हणून आलेले फोन मी घेतलेत. मोबाइल वाजला तर दुसरं बोलणं पास, देश, टोन, शून्य, आकडे सगळं बरोबर. मोबाइल उचलून कानाला लावा, पलीकडून काहीच ऐकू आलं नाही किंवा थोड्या थोड्या वेळानं एक बीप आली तरी घाबरू नका, फोन लावणारा मोडेम बहुतेक वेळ गप्पच असतो, आधी बोलायचं काम उचलणाऱ्याचं.

मोबाइल वाजलाच नाही तर मात्र ईपीएबीएक्स बाजूला काढा. मोडेम थेट बाहेरच्या लाईनवर लावून तोच नंबर एका शून्यानं लावा. लागला तर दोष एक्स्टेन्शनमध्ये किंवा त्या एक्स्टेन्शनला बाहेर जायची परवानगी नाही, ते ईपीएबीएक्सवाल्याकडून करून घ्या. थेट लाईनवरही लागला नाही आणि साधा फोन लावल्यावर लागतो, तर लॅपटॉपच्या मोडेमचं लाईनकडचं सर्किट गेलंय असं समजायला हरकत नाही. तिथे वेळ घालवू नका. यूएसबीवर चालणारा पूर्ण मोडेम घ्या, उदाहरणार्थ यूएस रोबॉटिक्सचा ५६३७, लिनक्सवर त्याला वेगळा ड्रायव्हर लागत नाही, टीटीवाय एसीएम झीरो म्हणून दिसतो. फक्त तुमच्या यूजरला डायलआउट ग्रुपमध्ये टाका आणि मोडेममॅनेजर नावाची सेवा बंद करा, कारण ती असा पोर्ट दिसला की स्वतःच एटी कमांड पाठवून चाचपत बसते आणि तुमच्या मिनिकॉमच्या मध्ये येते. खरं सांगायचं तर रोजच्या कामासाठी हा मोडेम मी तुम्हाला आधीच सुचवला असता, आतल्या सॉफ्टमोडेमवर कोल्ड स्टोरेजसारख्या ठिकाणची नोंद सोपवायला माझं मन तयार होत नाही, कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, बदलला की ड्रायव्हर गेला असं त्यांचं असतं. कमांड मात्र याच.

इथवरचं थोडक्यात: वजा ओ देऊन मिनिकॉम, एटी&एफ, एटी+जीसीआय=५३, एटीएक्स३, आणि मोबाइल वाजेपर्यंत स्वल्पविराम आणि शून्यांची जुळवाजुळव. एवढं होईपर्यंत पुढे वाचलंत तरी करू नका काही.

आता तिसरं बोलणं, मोडेम ते मोडेम. इथे सगळ्यात उपयोगी हत्यार म्हणजे तुमचा कान. लॉगरचा नंबर आधी साध्या फोनवरून लावा. रिंग जाईल, मग कट असा आवाज होऊन एक उंच, सरळ शिट्टी सुरू होईल, साधारण तीन सेकंद. हा २१०० हर्ट्झचा आन्सर टोन. तो अगदी सलग असेल, मध्ये कुठे टिचकी नाही, आणि त्यानंतर लगेच खरखरीत सूर आला, तर पलीकडे जुना हळू मोडेम आहे, १२०० किंवा २४०० चा असण्याची शक्यता जास्त. शिट्टीमध्ये साधारण अर्ध्या अर्ध्या सेकंदाला बारीकशी टिचकी ऐकू आली तर तो नंतरच्या पिढीचा मोडेम, ती टिचकी म्हणजे सूर उलटा फिरवलेला असतो, लाईनमधली प्रतिध्वनी मारणारी यंत्रणा बंद पडावी म्हणून. शिट्टीच नाही, नुसती रिंग जात राहिली, तर तुमच्या लॅपटॉपला दोष देऊ नका, पलीकडचा मोडेम उचलतच नाहीये. तो उचलायला त्याच्या एस० मध्ये शून्यापेक्षा मोठा आकडा हवा, एटीएस०=२ म्हणजे दोन रिंगनंतर उचल, आणि ते तिथे एटी&डब्ल्यू करून सेव्ह केलेलं हवं, नाहीतर लाईट गेली की परत शून्य. कोल्ड स्टोरेजला लाईट जाते आणि येते, तेव्हा हे तिथे जाऊन नक्की बघा.

रिंग उशिरा उचलली जात असेल तर तुमच्याकडे एस७ वाढवा. एस७ म्हणजे डायल केल्यापासून कॅरिअर मिळेपर्यंत किती सेकंद थांबायचं. मिनिकॉमचे ४५ सेकंद इथे कमी पडू शकतात, एटीएस७=९० करा. सहा रिंग, मग हँडशेक म्हणजे दोन मोडेमची जुळणी, यात पाऊण मिनिट सहज जातं आणि मोडेम नो कॅरिअर म्हणून ठेवून देतो, अगदी पलीकडून शिट्टी सुरू झालेली असतानासुद्धा.

शिट्टी येते आणि तरी जुळत नाही, तर वेग बांधून द्या. तुमचा मोडेम नव्या पद्धतीनं आधी ‘तुला काय काय येतं’ अशी चौकशी करतो, जुना मोडेम त्या चौकशीनं गोंधळतो. एटी+एमएस=? टाका, तुमच्या मोडेमला कुठल्या पद्धती येतात त्याची यादी येईल. काही मोडेममध्ये त्यांना नावं असतात, व्ही२२बी, व्ही३२बी, व्ही३४ अशी, एसएलमोडेमडीमध्ये नुसते आकडे असतात, १२२ म्हणजे व्ही.२२बिस म्हणजे २४००, १३२ म्हणजे व्ही.३२बिस म्हणजे १४४००, ३४ म्हणजे व्ही.३४ म्हणजे ३३६०० पर्यंत. लॉगरच्या मोडेमच्या मागे किंवा पुस्तकात जे लिहिलंय ते बांधा, माहीत नसेल तर १२२ पासून सुरू करा. तापमानाच्या नोंदी म्हणजे किती डेटा असणार, २४०० बिट सेकंदाला म्हणजे साधारण २४० अक्षरं, महिन्याभराच्या तासातासाच्या नोंदी काही मिनिटांत उतरतात. ५६के चा नाद तर सोडाच, व्ही.९० चा तो वेग मिळायला पलीकडचं टोक एक्स्चेंजला थेट डिजिटल जोडलेलं लागतं, इंटरनेट कंपन्यांकडे ते असायचं, दोन्हीकडे साधी लाईन असेल तर ३३६०० च्या वर काही जात नाही.

आणि तुमच्या बाबतीत फायबर आहे, तिथे वेग कमी ठेवायचं अजून एक कारण. फायबरच्या डब्यातून निघणारी फोनची लाईन दिसायला जुन्यासारखीच, पण आत तुमचा आवाज तुकडे करून पाकिटांत भरून पाठवला जातो. माणसाच्या बोलण्यातलं एखादं पाकीट हरवलं तर कानाला कळतही नाही, मोडेमला मात्र सूर तुटलेला दिसतो आणि तो परत पहिल्यापासून जुळवायला लागतो, किंवा ठेवून देतो. हे किती त्रास देईल ते पूर्णपणे तुमच्या सेवा देणाऱ्याच्या सेटिंगवर आहे, म्हणून ‘चालेलच’ असं वचन मी देणार नाही. जी.७११ हा कोडेक, म्हणजे आवाजाचे आकडे करायची पद्धत, असेल तर कमी वेगात चांगलं चालतं, जी.७२९ असेल तर जवळजवळ अशक्य, तो कोडेक माणसाच्या बोलण्यासाठीच बनवलाय. त्यांच्या माणसाला स्पष्ट शब्दांत सांगा की या लाईनवर फॅक्स आणि मोडेम चालवायचाय, जी.७११ ठेवा, शांतता असताना आवाज पाठवणं बंद करणारी सोय काढा, आणि कॉल वेटिंग काढा. ‘फॅक्स’ हा शब्द मुद्दाम वापरा, तो त्यांना लगेच कळतो. कॉल वेटिंग नाहीच निघालं तर एटीएस१०=५० करा, म्हणजे कॅरिअर ५ सेकंदापर्यंत गेला तरी मोडेम तग धरेल, बीप आली म्हणून लगेच ठेवणार नाही.

तासगावच्या बाजूला अजून तांब्याची लाईन असेल आणि तिच्यावर ब्रॉडबँड पण असेल तर मोडेम स्प्लिटरच्या (फोन आणि ब्रॉडबँड वेगळे करणारी डबी) फोनवाल्या भोकातच हवा, थेट लाईनवर लावला तर ब्रॉडबँडचा गोंगाट मोडेमच्या कानात जातो आणि वेग घसरत राहतो.

दुसरं आणि तिसरं बोलणं एकमेकांपासून तोडायची एक जुनी युक्ती आहे, ती नक्की करून बघा. लॅपटॉपच्या शेजारी त्याच लाईनवर साधा फोन जोडा. मिनिकॉममध्ये एटीएक्स३डी एवढंच टाइप करून ठेवा, नंबर नाही, एंटरही नाही. फोनवरून हातानं लॉगरचा नंबर लावा, शिट्टी ऐकू आली की एंटर दाबा, मोडेमनं लाईन उचलल्याचा खट्ट आवाज आला की रिसीव्हर खाली ठेवा. असं करून कनेक्ट आलं तर मोडेम ते मोडेम सगळं ठीक आहे आणि घोटाळा फक्त डायलिंगमध्ये आहे. असं करूनही नाहीच आलं तर डायलिंगच्या मागे लागण्यात अर्थ नाही, वेग, फायबर किंवा पलीकडचा मोडेम बघा.

आणि तुमच्याकडे ईपीएबीएक्स आहे हा खरं तर मोठा फायदा आहे. लॉगरचा मोडेम एकदा खोलून ऑफिसात आणता आला तर तो दुसऱ्या ॲनालॉग एक्स्टेन्शनवर लावा आणि लॅपटॉपवरून फक्त त्या एक्स्टेन्शनचा नंबर डायल करा. ना बिल, ना फायबर, ना बाहेरचा कुणी. तिथे जुळलं आणि तासगावहून जुळत नाही, तर बाकी फक्त लाईन उरते, आणि मग सेवा देणाऱ्याशी बोलताना तुमच्या हातात पुरावा असतो. मी नवीन ठिकाणी कुठलीही जोडी बसवायच्या आधी ती टेबलावर एक्स्टेन्शन ते एक्स्टेन्शन बोलवून घेतोच.

कनेक्ट आलं की पुढे जो आकडा येतो तो बघून लगेच खुश होऊ नका. कनेक्ट ११५२०० आलं तर तो लॅपटॉप आणि मोडेममधला वेग आहे, लाईनवरचा नाही. एटीडब्ल्यू२ आधी टाकून ठेवलंत तर बहुतेक मोडेम खरा लाईनचा वेग दाखवतात.

कनेक्टनंतर पडद्यावर महिरपी कंस आणि भलतीसलती चिन्हं आली तर आधी पॅरिटी बघा. जुने लॉगर बऱ्याचदा ७ बिट, इव्हन पॅरिटी, १ स्टॉप बिट असे असतात, मिनिकॉममध्ये तसं बदला. आणि अक्षरं नीट येतात पण लॉगर पहिलाच पासवर्ड नाकारतो असं झालं, तर एटी\एन० टाकून परत लावा. यामागचं कारण असं की तुमचा मोडेम जुळल्याबरोबर ‘चुका दुरुस्त करायची सोय तुझ्याकडे आहे का’ हे विचारायला काही अक्षरं पाठवतो, पलीकडे ती सोय नसेल तर ती अक्षरं सरळ लॉगरपर्यंत जातात आणि तो ती पासवर्डचा भाग समजतो. ही कमांड बॅकस्लॅशवाली आहे, म्हणजे तुमच्या चिपच्या पुस्तकात तिचा अर्थ तोच आहे का ते बघून घ्या.

आणखी एक, तुम्ही पीपीपी (मोडेमवरून इंटरनेट जोडायची पद्धत) आणि डब्ल्यूव्हीडायल (त्यासाठी फोन लावणारा प्रोग्रॅम) बद्दल विचारलं होतं. तुम्हाला दोन्ही लागत नाही. आपल्याकडे व्हीएसएनएलनं १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं, तेव्हापासून डायल-अपबद्दल जे काही लिहिलं गेलं ते बहुतेक सगळं इंटरनेट जोडायसाठी लिहिलेलं आहे, म्हणून शोधलं की पीपीपी, पासवर्डच्या फाइली, डीएनएस असलंच सापडतं. लॉगरला आयपी वगैरे काही कळत नाही, तो नुसती अक्षरं पाठवतो आणि घेतो. मिनिकॉम पुरेसा आहे, त्यात कॅप्चर चालू केलं की आलेलं सगळं फाइलमध्ये जातं. पुढे रोज आपोआप करायचं असेल तर छोटी स्क्रिप्ट लिहिता येईल, पण आधी हातानं सलग काही दिवस बिनचूक होऊ द्या. स्क्रिप्ट लिहाल तेव्हा सगळ्या सेटिंग तिच्यातच प्रत्येक वेळी पाठवा, सॉफ्टमोडेममध्ये एटी&डब्ल्यू केलेलं ड्रायव्हर परत सुरू झाल्यावर टिकेल याची खात्री नसते.

शेवटी ठेवायचं कसं तेही नीट करा, कारण लॉगरचा मोडेम एकावेळी एकालाच उत्तर देतो आणि लाईन अडकून राहिली तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांना एंगेज येतो. एक सेकंद काहीही टाइप करू नका, मग तीन वेळा प्लस, लागोपाठ, एंटर न दाबता, मग परत एक सेकंद शांत. ओके आलं की एटीएच. नो कॅरिअर असा मेसेज या वेळी आला तर तो बरोबरच आहे. ओके न येता प्लस नुसतेच पडद्यावर उमटले तर तुमची एक सेकंदाची शांतता कमी पडली, परत करा. आणि लॉगरच्या बाजूच्या मोडेममध्ये एटी&डी२ असेल आणि लॉगर काम संपल्यावर डीटीआर, म्हणजे ‘मी तयार आहे’ असं मोडेमला सांगणारा सिग्नल, खाली पाडत असेल तर तो स्वतःहूनही ठेवतो, ते तासगावला एकदा समोर उभं राहून, मोडेमवरचा ओएच (ऑफ हुक, म्हणजे लाईन उचललेली) लिहिलेला दिवा विझतो का ते बघून खात्री करा.